दर्शनी पोषण-लेबल

पाकीटबंद खाद्यपदार्थात साखर, मीठ आणि मेद किती आहे, हे पाकीट न उलटता कळावे म्हणून त्याच्या पुढच्या बाजूस छापलेली खूण, रंग किंवा इशारा म्हणजे दर्शनी पोषण-लेबल. ते पाठीमागच्या बारीक अक्षरांतील पोषण-तक्त्याची जागा घेत नाही. दुकानात उभ्या उभ्या, काही क्षणांत निवड करणाऱ्या माणसासाठी तक्त्यातील महत्त्वाचे तेवढे ते समोर आणते.

भारतात तक्ता सक्तीचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, निरनिराळे मेद आणि सोडियम यांचे प्रमाण साधारणपणे दर १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यावे लागते; शिवाय एका सर्व्हिंगमधून (एका वेळी खाण्यासाठी उत्पादकाने धरलेल्या प्रमाणातून) दिवसाच्या प्रमाणाचा किती टक्के भाग पोटात जातो, तेही सांगावे लागते. त्यासाठी दिवसाला २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट), ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, अशी प्रमाणे धरली आहेत.

माहिती असूनही ती ग्राहकाच्या उपयोगी पडत नाही, ही खरी अडचण आहे. समजा, फरसाणाच्या २०० ग्रॅमच्या पाकिटावर दर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमचे, असे छापले आहे. टक्क्यांच्या रकान्यात १२ हा आकडा दिसतो आणि तो किरकोळ वाटतो. पण ३० ग्रॅम फरसाण म्हणजे मूठभर. चहाबरोबर दोघांनी मिळून पाकीट संपवले, तर प्रत्येकाच्या पोटात दिवसाच्या सोडियमपैकी ४० टक्के गेलेले असते. घरात मीठ चमच्याने मोजतात, सोडियमने नव्हे. सोडियमला अडीचने गुणावे तेव्हा २ ग्रॅम मीठ हा कळण्याजोगा आकडा मिळतो, आणि हा गुणाकार चष्मा घरी विसरून वाणसामानाला आलेल्या माणसाने दुकानात करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. साखरेची गत याहून अवघड आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मात्र साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी गोडी अनेक नावांत वाटली गेली की एकही नाव यादीच्या अग्रभागी येत नाही.

यावर देशोदेशी वेगवेगळे उपाय झाले. स्वीडनने १९८९ मध्ये त्यातल्या त्यात बऱ्या पदार्थांसाठी हिरवी चावीच्या भोकाची खूण आणली, ब्रिटनने सिग्नलचे तीन रंग वापरले, ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये तारे (जितके जास्त, तितका पदार्थ बरा), तर फ्रान्सने २०१७ मध्ये ‘ए’ ते ‘ई’ अशी अक्षरश्रेणी स्वीकारली. सर्वांत रोखठोक पद्धत चिलीची. तेथे जून २०१६ पासून ठरावीक मर्यादेपलीकडे साखर, सोडियम, संपृक्त मेद किंवा ऊर्जा असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोन छापणे बंधनकारक झाले आणि त्यात ‘साखर जास्त’ अशा अर्थाचे मोजके शब्द आले. मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत २०१९ मध्ये घन पदार्थांसाठी दर १०० ग्रॅममागे १० ग्रॅम साखर आणि ४०० मिलिग्रॅम सोडियम येथवर आल्या. वरच्या उदाहरणातील फरसाणात सोडियम याच्या दुप्पट आहे. असे पदार्थ शाळांत विकण्यास आणि मुलांना उद्देशून त्यांची जाहिरात करण्यासही तेथे बंदी आहे. कायदा लागू झाल्यानंतरच्या काळात इशारा-पात्र पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे एका अभ्यासात आढळले. पुढे पेरू, मेक्सिको आणि अर्जेंटिना यांनीही अष्टकोन स्वीकारला.

भारतात प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे सुचवले. ग्राहक आणि आरोग्य क्षेत्रांतील अनेकांनी त्याला विरोध केला व तो रास्त होता. ताऱ्यांच्या गुणपद्धतीत फळे, सुकामेवा, तंतू (फायबर) यांचे गुण साखर-मिठाच्या दोषांतून वजा होतात, त्यामुळे गोड बिस्किटात थोडे ओट्स घालून एखादा तारा वाढवता येऊ शकतो. मधुमेह्याला मात्र त्यातील साखर तेवढीच बाधते. शिवाय दोन तारे हेही पाहणाऱ्याला बक्षिसासारखेच वाटतात. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. इशारा-लेबलांची मागणी करणाऱ्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हा प्रश्न तीन महिन्यांत मार्गी लावण्यास सांगितले. जुलैत ती मुदत वाढवून देण्यात आली.

महाराष्ट्रातील ग्राहकापुढे भाषेचाही प्रश्न आहे. लेबलावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, अन्य भाषा जोडीला चालेल, असा नियम असल्यामुळे ‘सॅच्युरेटेड फॅट’ हे शब्द बहुधा रोमन लिपीतच समोर येतात. चित्ररूप खुणेला ही अडचण येत नाही. शाकाहारी पदार्थावरील हिरवा ठिपका इंग्रजी न वाचणारी आजीही पाकीट हातात घेताच ओळखते. साखर आणि मिठासाठी तसा एकही ठिपका अद्याप सक्तीचा झालेला नाही.