जुन्या मासेमारी होडीची भारक्षमता

होडी किती वजन घेऊन सुरक्षित चालते, म्हणजे भरल्यावरही तिचा काठ पाण्याच्या पुरेसा वर राहतो आणि एका बाजूला कलली तरी परत सरळ होते, त्या वजनाला भारक्षमता म्हणतात. पुणे जिल्ह्यात हा विषय जास्त करून उजनीच्या बॅकवॉटरला येतो, कारण भिगवण, कुंभारगाव भागात चिलापी पकडायच्या होड्याच हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्या लोकांना फिरवतात, मग कुणी बसायला प्लायवूड टाकतं, कुणी वर शेड घालतं, कुणी इंजिन लावतं. होडी तीच, पण काम पूर्ण बदललेलं असतं. जाळं तळाशी पडून राहतं, माणूस मात्र फ्लेमिंगो दिसला की मोबाईल काढून उभा राहतो.

हिशोब सोपा आहे. १ लिटर गोडं पाणी १ किलोचं, आणि होडी आपल्या एकूण वजनाइतकं पाणी बाजूला सारते. समजा होडी साडेपाच मीटर लांब आणि १.३५ मीटर रुंद आहे, तर दोन्हींचा गुणाकार करून नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, निमुळत्या आकारासाठी त्याचा ०.७ भाग धरायचा, साधारण ५.२ चौरस मीटर येतं. एवढ्या जागेवर १ सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर ५२ लिटरचा, म्हणजे दर ५२ किलोला होडी १ सेंटीमीटर खाली जाते. हा एक आकडा ज्याला आपल्या होडीचा माहीत आहे त्याला पुढचं सगळं बोटांवर मोजता येतं. कोकणातून आणलेली होडी इथे थोडी जास्त बसते, कारण समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं, पण तो फरक किरकोळ.

खरी फसगत होते ती होडीच्या स्वतःच्या वजनात. लाकूड वर्षानुवर्षं पाणी पितं. फायबरच्या होडीत बाकांखाली फोम भरलेला असतो, त्याच्यावरचा थर तडकला की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाटच नसते. आमच्या ओळखीतल्या एका १८ फुटी फायबर होडीचं वजन मालक १८० किलो सांगायचे, टेम्पोत टाकून वजनकाट्यावर नेली, आधी टेम्पो रिकामा तोलला होताच, दोन्हींतला फरक, म्हणजे होडीचं खरं वजन, आलं २६० किलो. बाकाच्या खालच्या कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडलं तर चहाच्या रंगाचं पाणी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थेंब थेंब गळतच होतं. म्हणजे एक जादा माणूस त्या होडीत कायमचा बसलेला होता. म्हणून काहीही बदल करायच्या आधी होडी तोलायचीच, आणि पाण्यात रिकामी सोडून पाण्यापासून काठ किती वर आहे ते चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवायचं.

आता बदलांचं बघू. १२ मिलीमीटर जाडीची ८ बाय ४ फुटांची प्लायवूड शीट २५ किलोच्या आसपास भरते, १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी ३० किलो, छोटं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन पेट्रोलसकट ५०-६० किलो, लोखंडी पाइपची शेड धरली तर सगळं मिळून २०० किलो सहज होतं. म्हणजे ४ सेंटीमीटर. वर ७० किलोची ८ माणसं म्हणजे आणखी ११. रिकामी असताना काठ ४० सेंटीमीटर वर असेल तर उरले २५. ऐकायला बरं वाटतं, पण कलल्यावर काय होतं ते बघा: आधी काठावरून पाणी आत यायला होडी साधारण ३० अंश कलावी लागायची, आता २० अंशातच येतं.

आणि शेडचं वजन वर असतं हे तर वेगळंच दुखणं. तळातले ५० किलो होडीला स्थिर करतात, डोक्यावरचे ५० किलो तिला उलटवायला बघतात, शिवाय शेडमध्ये वारा भरतो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उजनीत उलटली आणि ६ जण गेले, ते इकडचं कुणीच विसरलेलं नाही. शेड हवीच असेल तर कापडाची, झटक्यात उतरवता येईल अशी करा. तळात साचलेलं पाणीही तितकंच वाईट, होडी कलली की ते सगळं खालच्या बाजूला धावतं आणि अजून कलवतं.

अमेरिकी कोस्ट गार्डचा २० फुटांखालच्या होड्यांसाठी एक ढोबळ नियम आहे, लांबी गुणिले रुंदी फुटात आणि भागिले १५. वरच्या होडीला तो लावला तर ५ माणसं येतात, ८ नाही, आणि तेही शांत हवेत.

तरंगण्यासाठी फोम नव्याने भरायचा तर बंद पेशींचा, म्हणजे सहसा पाणी न पिणारा, पॉलियुरेथेन घ्यावा, थर्माकोल नको, तो पेट्रोल लागलं की विरघळतो. इंजिन लावलं की होडी अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ खाली येते, म्हणजे सर्व्हे आणि नोंदणी आलीच.

काम झालं की किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात चाचणी घ्यायची. २० लिटरचे पाण्याचे जार भरून एकेक ठेवत जायचं, दर पाच जारला काठ मोजायचा, मग सगळे एका बाजूला सरकवून परत मोजायचा. जिथे थांबावंसं वाटतं तिथे होडी सरळ करून दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेवर पांढरा ऑइलपेंटचा पट्टा मारायचा, मोठ्या जहाजांवर १८७६ च्या ब्रिटिश कायद्यापासून मारतात तसा. रविवारी गर्दीत पट्टा पाण्याखाली दिसला की शेवटी चढलेल्याला हात जोडून उतरवायचं.