माजी सैनिकांचा सरकारी नोकरीतला कोटा: जुनी कहाणी

मॅट्रिक झाले की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायचे, हा एका अख्ख्या पिढीचा शिरस्ता होता. ती कचेरी मुळात सैनिकांसाठी निघाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांच्या आसपास गेले. लढाई संपल्यावर एवढ्या जवानांना घरी धाडताना काम कुठून द्यायचे, या चिंतेतून १९४५ मध्ये ही केंद्रे उघडली. फाळणीनंतर तिथे निर्वासितांची नावे लागली आणि १९४८ पासून दार सर्वांना खुले झाले. सैनिक त्या रांगेत मागे पडला.

पलटणीतून सरकारी खात्यात जाण्याची वाट त्याहून जुनी आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर सातारा भागात सरकारी कामावर लागले. खटाव तालुक्यातल्या गोरेगावात दुष्काळग्रस्तांकडून तलाव खोदून घेतला जात होता, तिथे ते कॅशियर होते. लिहिता-वाचता येणारा, शिस्तीचा, हिशेबाला पक्का माणूस सरकारला हवाच असे. पण त्याच सुमारास, १८९० च्या दशकात, महारांची लष्करभरती बंद झाली आणि त्या समाजापुरती ही वाट बुजली. तेव्हा नोकरी मिळे ती साहेबाच्या मर्जीने, हक्क नव्हता.

हक्काची भाषा आली ती १९६२ नंतर. चीन युद्धाच्या घाईत अनेक तरुणांना आणीबाणीचे कमिशन, म्हणजे लष्करात तात्पुरते अधिकारीपद, दिले गेले. काही वर्षांनी त्यांना मोकळे करायची वेळ आली तेव्हा १९६७ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी वरच्या सेवांत जागा राखल्या. अधिकाऱ्यांची सोय आधी झाली, हे नोंदवायलाच हवे. शिपाई-हवालदारांना ज्याचा आधार वाटतो ते पुनर्नियुक्तीचे नियम १९७९ चे. त्यांनुसार केंद्रात गट 'क'मध्ये १० टक्के आणि गट 'ड'मध्ये २० टक्के जागा. महाराष्ट्रात 'क' आणि 'ड'मध्ये १५ टक्के, तेही समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून. पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाते. कागदावरची टक्केवारी आणि प्रत्यक्ष भरती यांतली फट इथूनच पडते.

नियमांतल्या दोन सवलती जवानाच्या खऱ्या उपयोगाच्या. पहिली वयाची: प्रत्यक्ष वयातून लष्करातली वर्षे वजा करायची आणि जे उरेल ते कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असले तरी चालते. अठराव्या वर्षी भरती होऊन सतरा वर्षांनी, पस्तिशीत, घरी आलेला जवान त्यामुळे कागदावर पुन्हा अठराचा होतो. दुसरी शिक्षणाची: दहावी पास आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्याला गट 'क'च्या काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात. बाकी सवलत एकदाच. राखीव जागेवर रुजू झाला की दुसऱ्या सरकारी नोकरीसाठी हा कोटा पुन्हा वापरता येत नाही. २०१४ मध्ये एवढी ढील मिळाली, की पहिल्या नोकरीत रुजू होण्याआधी भरलेल्या आणि रुजू होताना कळवलेल्या अर्जांतून पुढची नोकरी लागली, तर तिथेही कोटा धरला जातो.

मोठा फटका मात्र न बोलता बसला. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रातला गट 'ड' गट 'क'मध्ये विलीन झाला. २० टक्के नियमात राहिले. ज्या पदांवर ते लागायचे ती पदेच गेली. चौकीदार, सुरक्षारक्षक अशी कामे कंत्राटाने भरली जाऊ लागली. महाराष्ट्रात २००२ पासून 'मेस्को' हे माजी सैनिकांचे महामंडळ सरकारी आस्थापनांना रक्षक पुरवते. काम मिळते, यात शंका नाही. पण गेट सरकारी आणि हजेरी कंत्राटी, ही सरकारी नोकरी नव्हे. राज्यकर्ते मात्र दोन्ही एकाच दमात मोजतात.

आता अग्निवीर. जून २०२२ मध्ये योजना आली: चार वर्षे सेवा, चौथा हिस्सा कायम, उरलेले बाहेर. योजनेसोबत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागा जाहीर झाल्या. वयात पहिल्या तुकडीला पाच वर्षे, पुढच्यांना तीन वर्षे सूट. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणून १९७९ च्या नियमांत ते बसत नाहीत. पदवीधराच्या बरोबरीसाठी लागणारी पंधरा वर्षे तर त्यांच्या नशिबी मुळातच नाहीत.