आघात झालेल्या माणसासाठी जागा : एक पार्श्वभूमी

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याच्या जाहीर पत्रकात विधवांना दोन गोष्टींची खात्री दिलेली होती : येथे गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत होता येईल, आणि मूल सोबत न्यायचे की येथेच ठेवायचे हे आईच्या इच्छेवर राहील. मानसिक आघाताची जाण ठेवून कार्यालये, न्यायालये आणि रुग्णालये यांची रचना करण्याला आज ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड डिझाइन’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकेतून आली हे खरे; पण सुरक्षितता, गुप्तता आणि आलेल्या व्यक्तीच्या हाती ठेवलेला निर्णय हा तिचा गाभा पुण्यातल्या त्या घरात आधीच होता, असे मला ठामपणे वाटते.

याच शहराने दुसरे टोकही पाहिले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँड यांच्या प्लेग समितीने घरांच्या झडतीसाठी सैनिक लावले. ते देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरत असल्याच्या, बायकांची तपासणी चारचौघांदेखत होत असल्याच्या तक्रारी झाल्या. संशयितांना घरच्या माणसांपासून तोडून छावण्यांत हलवले गेले. साथ आटोक्यात आणण्याचा हेतू खरा असूनही धास्तावलेली कुटुंबे आजारी माणूस लपवू लागली. त्याच साथीत सावित्रीबाई शहराबाहेर मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने त्यांचा मृत्यू झाला.

या जाणिवेला शास्त्राची भाषा मिळायला पुढे बराच काळ लागला. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकाराला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेल्याचे आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागल्याचे आढळले. १९९८ मध्ये फेलिटी आणि अँडा यांच्या अभ्यासाने बालपणीच्या आघातांचा प्रौढ वयातील आजारांशी असलेला संबंध मांडला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘साम्सा’ या सरकारी संस्थेने सेवा पुरवणाऱ्यांसाठी सहा तत्त्वे प्रसिद्ध केली, ज्यांत पहिले सुरक्षिततेचे आहे.

आपल्याकडे मात्र हा विचार वास्तुरचनेच्या नव्हे, कायद्याच्या वाटेने आला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘साक्षी’ या संस्थेच्या खटल्यात सांगितले की पीडितेला साक्ष देताना आरोपीचा चेहरा दिसू नये यासाठी पडदा किंवा तत्सम सोय असावी. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाचा जबाब घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, असे बंधन घातले. २०१७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात न्यायालयाने प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे मुले किंवा लैंगिक अत्याचाराच्या पीडिता यांच्यासारख्यांसाठी, किमान दोन साक्ष केंद्रे उभारण्यास सांगितले, आणि २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात ही व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यात नेण्याचे आदेश दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, खाजगीपणाचा हक्क दिला, सक्तीचे मुंडण थांबवले आणि स्वतःचे कपडे घालण्याची मुभा दिली. त्याचा मसुदा घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा केंद्राचा वाटा होता.

पडदा आला तरी खोलीपर्यंत पोचण्याची वाट तीच राहते, हे मला जिल्ह्यातल्या एका न्यायालयाबाहेर दिसले. व्हरांडा इतका अरुंद, की साक्षीला आलेली मुलगी आणि आरोपीची माणसे एकाच लोखंडी बाकावर टेकली होती. शिपायाने पुकारा केला की सगळ्यांच्या माना एकदम वळत, आणि तिच्या आईने मुलीच्या डोक्यावरून पदर पुढे ओढून धरला होता. आत पडदा होता, पण वेगळे प्रवेशद्वार नव्हते. म्हणूनच वेगळी वाट आणि वेगळी प्रतीक्षा खोली हा साक्ष केंद्राच्या कल्पनेचा आवश्यक भाग आहे.

कामाच्या ठिकाणांचा इतिहास त्याहून तोकडा आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा तक्रारीची गोपनीयता बंधनकारक करतो, पण सुनावणीची खोली कशी असावी याबाबत तो काही सांगत नाही. हिंजवडीत किंवा खराडीत अनेक कंपन्यांच्या मीटिंग रूमला काचेच्या भिंती असतात, आणि सुनावणी बहुधा तिथेच होते. जाणाऱ्या-येणाऱ्या सहकाऱ्याला तक्रारदार कोण हे सहज कळते, आणि तिची खुर्ची अनेकदा दाराकडे पाठ करून मांडलेली असते, ज्यामुळे मागून कोण आले ते तिला दिसत नाही. कंपनीत अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीवरच्या, ओळखीच्या एका सदस्य बाईंनी काचेला दुधी कागद चिकटवून घेतला आणि सुनावणीच्या सुरुवातीला तक्रारदाराला विचारायचा नेम केला : “तुम्हाला कुठे बसायचंय?” पहिल्याच वेळी त्या तरुणीने खुर्ची उचलली आणि दार समोर दिसेल अशा कोपऱ्यात नेऊन ठेवली.