आईच्या दुधात सगळं आपोआप असतं का?

‘आईचं शरीर स्वतः झिजेल, पण दुधात काही कमी पडू देणार नाही’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो अर्धाच खरा आहे. कॅल्शियम आणि फोलेट (एक ब जीवनसत्त्व) यांच्या बाबतीत तसं घडतं: आहारात कमी असलं तरी दुधातलं प्रमाण बऱ्यापैकी टिकतं, आणि झीज आईला सोसावी लागते.

बी12 जीवनसत्त्वाचं मात्र तसं नाही. आईच्या शरीरात ते कमी असेल, तर दुधातही कमी उतरतं. शुद्ध शाकाहारी आणि विशेषतः दूधदुभतंही वर्ज्य करणाऱ्या आईने रक्ततपासणी करून घ्यावीच. बाळाला बी12 कमी पडलं, तर पहिल्या काही महिन्यांत ते मलूल दिसू लागतं, मान धरलेलं बाळ पुन्हा ती सोडतं. उपचार लांबले तर मेंदूची हानी कायमची राहू शकते. अ जीवनसत्त्व, बी1 आणि आयोडीनही आईच्या आहारावर अवलंबून असतात.

ड जीवनसत्त्व तर निरोगी आईच्या दुधातही थोडंच असतं, लिटरमागे सहसा 80 आययूहून (जीवनसत्त्व मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) कमी. बाळाला रोज 400 आययू लागतं, म्हणून डॉक्टर थेंब देतात. यात आईचा काहीही दोष नाही. यासाठी अंगावर पाजणं थांबवू नका. आईचं ताट भरा, तिची तपासणी करा.