पाय नका बघू, तोंड बघा

चवळी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. चवळी म्हणजे आमची डॅशहाऊंड जातीची कुत्री. लांब आणि सडपातळ, म्हणून हे नाव. एका रविवारी संध्याकाळी तिने नेहमीसारखी दिवाणावरून खाली उडी मारली आणि किंचाळली. एकदाच. मग पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी राहिली. पोटाला हात लावला तर पोट दगडासारखं घट्ट. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पोटदुखी समजून इंजेक्शन दिलं. सोमवारी सकाळी तिचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते आणि रात्री ती मागचं अर्धं अंग फरशीवर ओढत माझ्याकडे सरपटत आली. शेपटीसुद्धा हलत नव्हती.

पोट घट्ट होतं ते पाठ दुखत होती म्हणून. दुखरी पाठ हलू नये म्हणून कुत्रं पोटाचे स्नायू आवळून धरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं पोटात काहीतरी झालंय. हे मला दोन दिवस उशिरा कळलं. तुम्हाला वेळेवर कळावं म्हणून हा लेख लिहिते आहे.

आपल्याकडे 'गादी सरकली' असं म्हणतात. शब्द चांगला आहे, पण गादी सरकत नाही. फुटते किंवा फुगते. दोन मणक्यांच्या मधल्या या चकतीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं थरावर थर. आत असतो मऊ, पाणीदार गाभा. शहाळ्यातली कोवळी मलई डोळ्यांसमोर आणा. चालताना, उडी मारताना बसणारा धक्का हा गाभा चहूबाजूंना वाटून देतो. बहुतेक जातींच्या कुत्र्यांत ही मलई पुष्कळ वर्षं मलईच राहते. डॅशहाऊंडमध्ये मात्र पिल्लू वर्षाचं होईपर्यंतच तिचं खोबरं व्हायला लागतं. पुढे त्यात कॅल्शियम साठतं आणि खोबऱ्याचा खडू होतो. मग धक्का वाटला जात नाही, सगळा कड्यावर येतो. हे कडं वरच्या बाजूला सर्वांत पातळ असतं आणि बरोबर त्याच बाजूला, हाडांच्या बोगद्यात, मज्जारज्जू असतो. कडं फाटलं की आतला भुगा जोराने वर उडतो आणि मज्जारज्जूवर आदळतो. म्हणजे इजा दोन प्रकारची होते: आधी आपटल्याची, मग दाबून राहिल्याची.

हान्स-यॉर्गन हान्सेन या स्वीडिश पशुवैद्यकाने १९५२ साली या दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. गाभा फुटून बाहेर येणं हा पहिला प्रकार, तो डॅशहाऊंड, पेकिंगीज, बीगल, फ्रेंच बुलडॉग अशा कुत्र्यांत तरुणपणीच, बहुधा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान होतो. कडं न फुटता हळूहळू फुगत जाणं हा दुसरा प्रकार, तो जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत उतारवयात दिसतो. आजही दवाखान्यांत 'हान्सेन टाइप वन, टाइप टू' असंच म्हणतात.

मग डॅशहाऊंडच का? लांब पाठीमुळे, असं सरसकट सांगितलं जातं, पण खरा दोष पाठीच्या लांबीत नसून एका जनुकात आहे. शरीराची वाढ सांभाळणारं एफजीएफ-४ नावाचं जनुक सगळ्याच कुत्र्यांत असतं. कधीकाळी त्याची एक जादा नक्कल तयार होऊन भलत्याच जागी चिकटली. अशी नक्कल एकदा १८ व्या गुणसूत्रावर बसली. तिने पाय आखूड केले, हे २००९ मध्ये समजलं. दुसरी बसली १२ व्या गुणसूत्रावर. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॅनिका बॅनाश यांच्या गटाने दाखवलं की गाद्या अकाली जुन्या करणारी ती हीच. बीगल बघा. पाय काही फार आखूड नाहीत, पाठही साधी, पण १२ वरची नक्कल आहे आणि गादीचा आजारही आहे. डॅशहाऊंडमध्ये तर ती जवळजवळ प्रत्येकाकडे असते. बिळात शिरून बिज्जूची शिकार करायला जर्मनीत हे कुत्रं घडवलं, त्याच घडवण्यात हा आजार मुरला. आज दर चार-पाच डॅशहाऊंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

ही नक्कल जवळजवळ सगळ्यांकडेच असेल तर विणीसाठी निवड करायची कशी? डेन्मार्क, फिनलंड या देशांनी एक वाट काढली. दोन ते चार वर्षांच्या कुत्र्याच्या पाठीचा एक्स-रे काढायचा आणि पांढऱ्या, कॅल्शियम साठलेल्या गाद्या मोजायच्या. ज्याच्या जास्त, त्याची वीण टाळायची. आपल्याकडे ऑनलाइन जाहिरात बघून पिल्लू घेताना आपण रंग विचारतो, कागदपत्रं विचारतो. आईबापांच्या पाठीचा एक्स-रे काढलाय का, हे मीही विचारलं नव्हतं.

दुखणं सुरू झालं की घरातली माणसं फसतात, कारण माणसाची गादी सरकलेली आपण पाहिलेली असते. काकांना सायटिका झाला, महिनाभर पडून राहिले, बरे झाले. तसंच हेही, असं वाटतं. पण माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली गादी फुगली तर दाबली जाते एखादी नस. कळ येते, पाय जात नाही. कुत्र्याचा मज्जारज्जू कमरेच्या सहाव्या मणक्याच्या आसपासपर्यंत जातो. शिवाय छातीच्या मणक्यांपाशी समोरासमोरच्या फासळ्यांची डोकी गादीवरून जाणाऱ्या एका चिवट पट्ट्याने बांधलेली असतात, ती गादीला आवरून धरतात. शेवटच्या दोन फासळ्यांपाशी हा पट्टा नसतो. छाती संपून कंबर सुरू होते त्या जागी गादी उघडी पडते, नेमकी तिथेच फुटते आणि तिथे मज्जारज्जूला हलायलाही जागा नसते.

आता चवळीला तपासलं त्या दवाखान्यातल्या टेबलाकडे येते.

पुण्याच्या डॉक्टरांनी चवळीला आधी हातांवर तोलून उभं केलं आणि मागचा पंजा उलटा करून, वरची बाजू टेबलाला टेकवून ठेवला. धडधाकट कुत्रं क्षणात पंजा सरळ करतं. चवळीचा तसाच उलटा राहिला, जणू तो तिचा नव्हताच. मग त्यांनी कंबरेपासून वर सरकत मणक्याच्या दोन्ही बाजूंची कातडी हलके चिमटीत धरायला सुरुवात केली. म्हशीच्या पाठीवर माशी बसली की कातडी कशी थरथरते, तशीच कुत्र्याचीही थरथरते. खालच्या भागात काही नाही, काही नाही, आणि शेवटच्या फासळीच्या जरा वर आल्यावर एकदम थरथर. 'इथेच कुठेतरी,' ते म्हणाले. दोन बोटांनी त्यांनी जागा हेरली होती. एमआरआयने नंतर ती पक्की केली.

मग शेवटची तपासणी. त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबलं. पाय झटकन मागे गेला. मी जवळजवळ ओरडलेच, 'आहे, तिला कळतंय!'

'थांबा,' ते म्हणाले. 'पाय नका बघू, तोंड बघा.'

मज्जारज्जू ही नुसती तार नाही. चिमट्याची खबर पायातून कमरेच्या भागातल्या चेतापेशींपर्यंत जाते आणि पाय ओढण्याचा हुकूम तिथूनच सुटतो, मेंदूला न विचारता. वरचा मज्जारज्जू पूर्ण तुटला तरी पाय ओढला जातोच. दुखलं असं म्हणायचं तर खबर वर, मेंदूपर्यंत पोचायला हवी. म्हणजे कुत्र्याने मान वळवायला हवी, कण्हायला हवं, चावायला धावायला हवं. डॉक्टरांनी चिमटा बोटाच्या हाडावर घट्ट आवळला. चवळीने मान वळवली आणि त्यांच्या हातावर दात टेकवले. डॉक्टरांचा चेहरा खुलला.

त्या एका वळलेल्या मानेला इतकं महत्त्व का? दाब आला की मज्जारज्जूतले सगळे तंतू एकदम जात नाहीत. सर्वांत जाड तंतू आधी बळी पडतात. ते पंजा कुठे, कसा टेकलाय याची खबर नेणारे. म्हणून कुत्रं आधी डुलतं. त्यानंतर पाय हलवणारे, मग लघवीवरचा ताबा. खोल वेदना नेणारे बारीक तंतू सर्वांत शेवटी. ते चालू असतील तर बाकीचं अजून वाचवता येतं. पाय पूर्ण गेले आहेत पण वेदना शाबूत आहे अशी कुत्री शस्त्रक्रियेनंतर दहातली नऊ किंवा त्याहून जास्त पुन्हा चालतात. वेदनाही गेली असेल तर साधारण निम्मी. आणि त्यातल्या काहींच्या, साधारण दहातल्या एकाच्या, मज्जारज्जूचा लगदा होत होत वर सरकतो आणि काही दिवसांत श्वासाचे स्नायूच बंद पडतात. त्यावर इलाज नाही.

म्हणून पाय ओढत चालणाऱ्या कुत्र्याला 'उद्या बघू' म्हणू नका. रात्र असली तरी निघा. फळीवर किंवा खोक्यात आडवं, सपाट न्या. घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्यांचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतं. आधी कुठलं इंजेक्शन झालंय ते नव्या डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडवर दुसरं वेदनाशामक पडलं तर आतड्यात जखमा होतात.

चवळीच्या मणक्याची एका बाजूची कमान झिजवून डॉक्टरांनी आतला भुगा खरवडून काढला. मला तो त्यांनी बशीत दाखवला. ओल्या खडूचा चुरा, चमचाभरसुद्धा नव्हता.

ज्यांना फक्त दुखतंय किंवा जे डुलतंय पण चालतंय, अशा बऱ्याच कुत्र्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. त्यांना लागते कैद. निदान चार आठवडे लहानशा पिंजऱ्यात, लघवीपुरतं पट्ट्याने बाहेर. वेदनाशामकामुळे दुसऱ्याच दिवशी कुत्रं ताजंतवानं दिसतं आणि आपण पिंजऱ्याचं दार उघडतो. फाटलेल्या कड्याला भरून यायला आठवडे लागतात, हे त्याला कसं कळणार? ते आपण त्याच्या वतीने लक्षात ठेवायचं.

मागचे पाय गेलेलं प्रत्येक कुत्रं गादीचंच असतं असं नाही. पळता पळता मोठं कुत्रं एकदम एका बाजूने लुळं पडलं, सुरुवातीला ओरडलं आणि दिवसभरात दुखणं थांबलं, तर गाभ्याचा बारीक तुकडा मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडकलेला असू शकतो. तिथे शस्त्रक्रिया नसते, व्यायामानेच पुष्कळ सुधारतात. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डचे पाय महिनोन्महिने, काही न दुखता दुबळे होत गेले तर शंका वेगळी. एसओडी-१ या जनुकातल्या बिघाडाने होणारा हा ऱ्हास माणसांच्या एएलएसचा, म्हणजे स्नायू हळूहळू लुळे पाडणाऱ्या चेतापेशींच्या आजाराचा, जवळचा भाऊबंद आहे. आणि रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं पाय ओढतंय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर कळवळून हात घालू नका. रेबीज असाही दिसतो. पालिकेला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवा.

वेदना कधीच परत न आलेल्या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. केंब्रिजमध्ये अशा ३४ पाळीव कुत्र्यांवर एक चाचणी झाली, २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. कुत्र्याच्याच नाकातून काढलेल्या, वास ओळखणाऱ्या तंतूंना आयुष्यभर वाढू देणाऱ्या पेशी मज्जारज्जूच्या जखमेत टोचल्या. ज्यांना त्या टोचल्या त्यांचे मागचे पाय पुढच्या पायांशी ताल धरून पडू लागले. लघवीवरचा ताबा मात्र आला नाही, कारण मेंदूपर्यंतचा लांबचा रस्ता जोडला गेला नव्हता. त्या घरांतली माणसं आपल्या कुत्र्यांच्या मूत्राशयाची देखभाल पुढेही करत राहिली असणार.

हे मी दहा दिवस केलंय. तिला आडवं घ्यायचं, दोन्ही तळवे पोटाच्या मागच्या भागावर ठेवायचे, लिंबाएवढा गोळा हाताला लागला की सावकाश, सारख्या दाबाने दाबायचं. दिवसातून तीन-चारदा. लघवी साचून राहिली तर जंतुसंसर्ग होतो. अकराव्या दिवशी ती अंगणात स्वतःहून खाली बसली आणि मी पायरीवर बसून रडले.

जे तंतू आधी गेले, तेच सर्वांत शेवटी आले. तेही पूर्ण नाहीत. चवळी आता आठ वर्षांची आहे, दिवाणाला उतरण लावली आहे आणि ती मांजरामागे धावतेही. पण दमली की डावा मागचा पंजा अजून उलटा पडतो आणि फरशीवर नखं घासल्याचा आवाज येतो. मग मी तिला मोजा घालते.