इंग्रजीच्या तासातील सराव आणि कृती: फरक नेमका कुठे असतो

इंग्रजीच्या तासाला मुले जोडीने बसून एकमेकांना प्रश्न विचारत असली, की तेथे कृतियुक्त अध्यापन चालू आहे असे आपण गृहीत धरतो. महाराष्ट्रात भाषाविषयांच्या प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका म्हणू लागल्यापासून तर पाठाखालच्या जवळजवळ प्रत्येक स्वाध्यायाला कृती हे नाव मिळाले आहे. परंतु व्याकरणाचा सराव आणि संवादाची कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातील फरक मुलांच्या बसण्यावरून किंवा वर्गातल्या गलबल्यावरून ओळखता येत नाही.

एक विद्यार्थी टेबलावरच्या पेनाकडे बोट दाखवून ‘इज धिस अ पेन?’ असे विचारतो आणि दुसरा ‘येस, इट इज’ असे सांगतो, तेव्हा उत्तर दोघांनाही आधीपासून ठाऊक असते. बोलणे दोघांचे असले तरी लक्ष केवळ वाक्याच्या रचनेवर असते. म्हणून हा सरावच. आता एका विद्यार्थ्याला पुण्याहून सुटणाऱ्या काही गाड्यांच्या वेळा द्याव्यात, दुसऱ्याला त्याच गाड्यांच्या कोल्हापूरला पोहोचण्याच्या वेळा द्याव्यात, आणि सकाळी आठच्या आधी निघता येत नसेल तर संध्याकाळी पाचच्या आत पोहोचवणारी गाडी कोणती, हे दोघांनी इंग्रजीतून ठरवावे असे सांगावे. येथे विचारल्यावाचून कळत नाही आणि ऐकल्यावाचून ठरवता येत नाही. वाक्य बरोबर आले की नाही यापेक्षा गाडी बरोबर निवडली की नाही यावर कामाचे यश मोजले जाते. ही कृती.

या भेदाचा एक कसोशीचा प्रयोग भारतातच झाला. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांमध्ये असा अभ्यासक्रम चालवला, की ज्यात व्याकरणाचे घटक आधी ठरवलेलेच नव्हते. होती ती केवळ नकाशे, वेळापत्रके आणि तत्सम साहित्यावर आधारलेली कोडी. बंगळूर प्रकल्प या नावाने तो ओळखला जातो. प्रभूंनी कृतींचे तीन प्रकार मानले: एकाजवळची माहिती दुसऱ्याला देण्याच्या, दिलेल्या माहितीवरून तर्काने नवे काही काढण्याच्या, आणि स्वतःचे मत मांडण्याच्या. त्यांचा कल तर्काच्या कृतींकडे होता. मला विशेष महत्त्वाचे वाटते ते हे, की गटकार्यावर त्यांचा भर नव्हता. शिक्षक आधी संपूर्ण वर्गासमवेत एक कोडे सोडवत आणि नंतर तसेच दुसरे कोडे प्रत्येक मूल आपापले सोडवत असे. म्हणजे शांतपणे एकटे बसलेले मूलही कृती करत असू शकते, आणि जोडीने बडबडणारी मुले निव्वळ सराव करत असू शकतात.

1985 साली ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी या प्रकल्पाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. रचनेवर आधारलेल्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेले वर्ग पुढे राहिले, कोड्यांच्या चाचणीत प्रकल्पातील वर्ग. श्रुतलेखन, आकलन आणि संदर्भातील व्याकरण अशा, कोणत्याच पद्धतीकडे न झुकणाऱ्या चाचण्यांत मात्र प्रकल्पातील वर्गांची कामगिरी एकंदरीत सरस होती. तुलना पूर्णपणे नियंत्रित परिस्थितीत झालेली नव्हती, हे लक्षात ठेवूनही हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे.

तरीही सराव टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. मराठीत प्रश्न विचारताना क्रियापदाची जागा सहसा हलत नाही, त्यामुळे आपली मुले ‘व्हेन द ट्रेन लीव्ह्ज?’ असे विचारतात. नियम सांगितला की ‘व्हेन डझ द ट्रेन लीव्ह्ज?’ असे म्हणू लागतात, कारण ‘डझ’ आल्यावर क्रियापदाचा ‘स’ गळतो हे जिभेला माहीत नसते. ‘वॉक्ट’, ‘प्लेड’ आणि ‘वॉन्टेड’ यांच्या शेवटी लिहिताना अक्षरे तीच येतात, पण उच्चार तीन होतात. ‘वॉकेड’ म्हणणाऱ्या मुलाला त्यासाठी कोड्याची नव्हे, आवर्तनाची गरज असते. अशा ठिकाणी पाच मिनिटांचा नेमका सराव पुष्कळ काम करतो.

प्रश्न क्रमाचा आहे. आपल्याकडे आधी नियम, मग सराव आणि वेळ उरला तर कृती असा प्रघात आहे, आणि वेळ सहसा उरत नाही. मी याच्या उलट क्रम सुचवेन. वेळापत्रकाची कृती आधी द्यावी, मुले अडखळतील ती वाक्ये मध्ये न थांबवता टिपून घ्यावीत, नंतर फक्त त्या रचनांचा फळ्यावर सराव घ्यावा, आणि त्याच तासाला दुसऱ्या मार्गाचे, म्हणजे नाशिक-मुंबईसारखे, नवे वेळापत्रक देऊन मुलांना पुन्हा गाडी शोधायला लावावी.