लांबलेली पाळी आणि घाईची चाचणी

पाळीची तारीख उलटते, घरच्या गर्भधारणा चाचणीत 'सी'समोर (किट नीट चालल्याची खूण) एकच रेघ उमटते आणि त्यावरून किट खोटे असल्याचा किंवा गर्भ नक्कीच नसल्याचा निष्कर्ष काढला जातो. चाचणीची रीत बहुतेकींना ठाऊक असते: सकाळची पहिली लघवी घ्यावी, पाकिटावर दिलेल्या वेळेतच निकाल वाचावा आणि तासाभराने दिसलेल्या पुसट रेघेवर विसंबू नये.

गल्लत होते ती दोन परिस्थितींत. एकीत गर्भ राहिलेला असतो, पण चाचणी फार लवकर केलेली असते. दुसरीत गर्भ राहिलेला नसतो, फक्त बीजविमोचन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणे, लांबलेले असते किंवा त्या महिन्यात झालेलेच नसते. त्या दिवशी बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. बीजविमोचनानंतर पाळी येईपर्यंतचा काळ बहुधा 12 ते 14 दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. ताप, ताण, झपाट्याने घटलेले वजन किंवा अतिव्यायाम यांमुळे लांबतो तो त्याच्या आधीचा काळ.

समजा, एरवी 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीजविमोचन या खेपेस 14व्या दिवसाऐवजी 24व्या दिवशी झाले. तिने 30व्या दिवशी चाचणी केली, तर कॅलेंडरप्रमाणे पाळी लांबलेली असली तरी बीजविमोचनाला जेमतेम सहा दिवस झालेले असतात. चाचणी ज्याचा शोध घेते ते एचसीजी संप्रेरक गर्भ गर्भाशयात रुजल्यानंतरच तयार होते, आणि रुजणे बहुधा बीजविमोचनानंतर आठ ते दहा दिवसांनी होते. म्हणजे गर्भधारणा झालेली असली तरी त्या दिवशी दुसरी रेघ उमटणार नाही, आणि झालेली नसली तरी पाळी 38व्या दिवसाच्या आसपासच येईल.

म्हणूनच 'तारीख उलटून किती दिवस झाले' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. शेवटच्या असुरक्षित संबंधाला किती दिवस झाले, ते मोजावे. त्याला 21 दिवस झाल्यावर नीट केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. त्याआधी रोज एक किट फोडणे म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी आहे. शंका उरलीच, तर रक्तातील बीटा एचसीजी तपासून घ्यावे.

गर्भ नसल्याचे ठरल्यावर पीसीओएस (संप्रेरकांचे संतुलन बिघडून पाळी अनियमित होणारा विकार), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक) वाढणे, स्तनपान, चाळिशीनंतरचे बदल, 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन अशी कारणे तपासावी लागतात. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही पाळी मागेपुढे होते. केमिस्टकडून 'पाळी आणायची गोळी' परस्पर आणून घेण्याच्या सवयीला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण गोळीमुळे रक्तस्राव झाला तरी पाळी का लांबली हे कळत नाही. पपई आणि तीळगुळाच्या सल्ल्यांबद्दल न बोललेलेच बरे.

एरवी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र वेदना, खांद्यात दुखणे किंवा भोवळ असल्यास किटवर एकच रेघ असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण गर्भनलिकेतील गर्भधारणेत एचसीजी कमी असू शकते.